जुन्या रुपयाचा महागाई भत्ता

नीलमआत्यासमोर जुन्या काळच्या किमती काढायच्या नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नवा माणूस मात्र सापडतो.

परवा माझ्या मामेबहिणीच्या, पिंकीच्या लग्नात तिच्या होणाऱ्या सासूबाई पंगतीत कौतुकानं सांगत होत्या, "आमचं लगन लय साधं झालं होतं. माझा शालू फक्त अठराशेचा. अठ्ठ्याऐंशी सालचा."

आत्यानं जिलेबीचा तुकडा खाली ठेवला. कपाळावरचा चष्मा नाकावर आला. नजर मांडवाच्या झालरीकडे गेली. आणि मग अगदी गोड आवाजात, "म्हणजे आजचा बावीस हजाराचा झाला, मावशी. साधं कुठं होतं? चांगलं दणक्यात झालं तुमचं."

पिंकी माझ्याकडे बघून डोळे मोठे करते आहे. आत्या परत जिलेबीकडे वळली आहे.

नीलम धर्मपाल खंडारे. वय बावन्न. अमरावती जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात सहायक लेखा अधिकारी. उंची बेताची, चाल भरभर, आवाज मात्र तिसऱ्या रांगेपर्यंत सहज पोचणारा. अमरावतीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि एक शनिवार सोडून एक शनिवार एसटीनं अकोल्याला येते. अकोल्यात आम्ही सगळे: आजोबा धर्मपाल, आजी इंदूबाई, आत्याचा धाकटा भाऊ अश्विन म्हणजे माझे बाबा, आई आणि मी. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं, तर तिचं उत्तर ठरलेलं असतं.

"स्थळं आली होती ना. भाव जास्त सांगून राहिले होते."

भाव हा तिच्या आवडीचा विषय. कशाची किंमत किती आणि लायकी किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला फार लवकर कळलं. त्याचं कारण आमच्या घरात येणारा एक गुळगुळीत कागद.

आजोबा अकोल्याच्या एमआयडीसीत ‘मोर्णा पाईप्स’मध्ये फिटर होते. शेतात पाणी न्यायचे पाईप करणारी कंपनी. ब्याण्णव साली कंपनीचा हात तंग होता, तेव्हा मालकांनी कामगारांना बोनसऐवजी शेअर दिले. आजोबा ते घेऊन घरी आले. आजीनं त्या बोनसवर शिलाई मशीन ठरवून ठेवलं होतं. दुकानदाराला सांगूनसुद्धा आली होती.

"हे काय होय?" आजीनं विचारलं.

"कंपनीचा हिस्सा होय. आता आपण मालक झालो, इंदू."

"मालक झाले तं मशीन आना."

ते मशीन आलं नाही. त्याऐवजी दरवर्षी कंपनीचा वार्षिक अहवाल यायला लागला. गुळगुळीत, रंगीत, जाड. बाकीच्या घरांतून तो पोरांच्या पुस्तकांना कव्हर घालायला जायचा. आत्या तेव्हा कॉलेजात, कॉमर्सला. तिनं तो वाचला. कळला नाही, म्हणून परत वाचला. मग कंपनीच्या हिशेब खात्यातल्या कमलाकांत जोशीकाकांच्या घरी जाऊन बसली. काका सांगतात, ही पोरगी दारात उभी राहिली आणि नमस्कारही न करता म्हणाली, "काका, कंपनीले इतका नफा झाला लिहिलं आहे, मंग बाबांचा बोनस काहून नाही दिला?"

काका म्हणाले, "बस. चहा घे. याचं उत्तर एका कपात होत नाही."

ते उत्तर तिला पुरतं मिळालं ते नोकरीला लागल्यावर, धारणीला. जिल्हा परिषदेत धारणीची बदली म्हणजे लोक तोंड पाडतात. मेळघाटातले रस्ते, कधी येईल ते न सांगणारी बस, नाहीतर माणसं लटकलेली जीप. आत्या गेली आणि तीन वर्षं राहिली. पार्बताबाई नावाच्या बाईच्या घरात तिनं खोली घेतली होती. पार्बताबाईंची स्वतःची जीप होती, प्रवासी नेणारी. त्यावर ड्रायव्हर ठेवलेला. बाईंना जीपचा भारी अभिमान.

"महिन्याले बारा हजार सुटते मले," त्या सांगायच्या. "डिझल गेलं, डायव्हर गेला, बारा हजार नगद."

"मंग वर्षाचे दीड लाख झाले, बाई. कुठं ठेवले?"

पार्बताबाई विचारात पडल्या. "टायर घेतले ना."

"अजून?"

"गाडीखालचे पाटे तुटले होते. मंग इंजिन खोललं."

"मंग हाती किती राहिले?"

दोघींनी ओट्यावर बसून आठवून आठवून बेरीज केली. नव्या टायरच्या वर्षी उणे. त्याच्या पुढच्या वर्षी बरे. इंजिनच्या वर्षी पुन्हा उणे. पार्बताबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "बाई मंग मी श्रीमंत नाहीच का?"

"आहे ना. पण बारा हजारवाली नाही. चारवाली."

धंदा चालता ठेवायला जे लागतं ते सगळं घातल्यावर जो पैसा खरोखर उरतो, त्याला पुस्तकात मुक्त रोख प्रवाह म्हणतात. आत्या त्याला ‘गाठीचा पैसा’ म्हणते. पदराच्या गाठीत बांधता येतो तेवढाच आपला. आणि एका वर्षाची गाठ बघून काही कळत नाही, हेही ती तिथंच शिकली.

"एका वर्षावरून कंपनीची किंमत करनं म्हणजे पाहायच्या कार्यक्रमात पोरगी पाह्यल्यासारखं," ती म्हणते. "त्या दिवशी तं मीही बरी दिसे."

म्हणून दहा वर्षं घ्यायची. चांगली, वाईट, पावसाची, कोरडी. त्यांची सरासरी काढायची. मात्र सरासरी काढण्याआधी एक काम करायचं, आणि सगळी गोष्ट त्या एका कामाचीच आहे.

मागच्या वर्षी मोर्णा पाईप्सच्या मालकांनी ठरवलं की कंपनी शेअरबाजारातून काढून घ्यायची. लोकांकडचे सगळे शेअर परत विकत घ्यायचे. यात गंमत अशी असते की भाव एकटा मालक ठरवत नाही. तो आपला एक भाव सांगतो, पण शेअर ज्याच्याकडे आहेत तो ‘मी इतक्याला देईन’ असा स्वतःचा भाव नोंदवू शकतो. पुरेसे शेअर ज्या भावात जमतील, तो भाव निघतो. मालकाला तो जास्त वाटला, तर तो मधला भाव सांगून पाहू शकतो किंवा सरळ मागे फिरू शकतो.

जुन्या कामगारांचे शेअर मधल्या काळात कंपनीनं फुकट दिलेले बोनस शेअर मिळून चांगले वाढले होते. एकट्या आजोबांकडे दोन हजार. आणि या सगळ्या म्हाताऱ्यांचे शेअर धरल्याशिवाय मालकांचा आकडा पुरा होत नव्हता.

कंपनीनं सगळ्यांना पत्रक पाठवलं. सोपं, स्वच्छ, मराठीत. गेल्या दहा वर्षांत दर शेअरमागे कंपनीच्या हाती सरासरी एकवीस रुपये उरले. त्याच्या पंधरा पट म्हणजे तीनशे पंधरा. आम्ही तीनशे वीस देतो.

बाजारात भाव दोनशे नव्वद होता.

शनिवारी दुपारी आत्या पोचली, तेव्हा आमच्या बैठकीत पत्रक मधोमध पसरलेलं होतं आणि चारही बाजूंनी माणसं. माझ्या बाबांचा निकाल आधीच लागला होता. बाबांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे आणि डोक्यात कित्येक वर्षं एकच गोष्ट: घरावर वरचा मजला.

"तीनशे वीसनं सहा लाख चाळीस हजार होतात," ते म्हणाले. "ठेकेदार म्हणतो स्लॅबपर्यंत आरामात जाते. ताई, तू आता काही काढू नको."

"मी अजून चप्पल नाही काढली," आत्या म्हणाली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "पाचशेच्या खाली एक पैसा लिहायचा नाही." जोशीकाका. हातातल्या कापडी पिशवीत वार्षिक अहवालांचा गठ्ठा. कंपनीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी अहवाल आल्याच्या दिवशी ते अजून दाढी करून बसतात. "धर्मपालभाऊ, कोरोनानंतरचं वर्ष पाहा. शेअरमागे चौतीस रुपये उरले. पंधरा पट करा. पाचशे दहा."

"अन् त्याच्या आधीचं मशीनचं वर्ष?" आत्यानं विचारलं. "शेअरमागे दहा रुपये उणे."

"ते काढून टाक. नवं मशीन काय रोज घेतात?"

"काका, टायर."

जोशीकाकांना धारणीच्या जीपची गोष्ट पाठ होती. त्यांनी हात वर केले. "बरं बाई. टायर राहू दे. मग काय तुझंही तीनशे वीसच?"

आत्यानं आता चप्पल काढली, पाय धुतले, आजीनं दिलेला चहा घेतला आणि अहवाल मांडीवर ओढले. कपाळावरचा चष्मा नाकावर आला. मी ती नजर ओळखते. अठराशेच्या शालूची नजर.

तासाभरानं ती म्हणाली, "बेरीज बरोबर आहे त्यांची. कोणी चोरी नाही केली. फक्त दहा वर्षांपूर्वीचा रुपया अन् आजचा रुपया एकाच टोपल्यात टाकला."

तिनं प्रत्येक वर्षाचा उरलेला पैसा आजच्या भावात आणला होता. दहा वर्षांपूर्वीचे बावीस रुपये आजचे चौतीस झाले. त्यापुढचे अठरा, सव्वीस-सत्तावीस झाले. मशीनच्या वर्षाचे उणे दहासुद्धा तिनं वाढवले, उणे तेरा-चौदा. "तोट्यालेही तोच नियम," ती म्हणाली. मागच्या वर्षाचे वीस, वीसच राहिले. या नव्या आकड्यांची सरासरी आली सव्वीस.

"सव्वीसच्या पंधरा पट, तीनशे नव्वद. माप त्यांचंच. पंधरा पट त्यांनीच सांगितली. मी फक्त रुपये एका जातीचे केले."

"तीनशे नव्वद लिहिले अन् मालक पळाले तं?" बाबांचा आवाज चढला. "भाव जाईन दोनशे साठवर. माझा स्लॅब तुझ्या सरासरीवर टाकू का?"

"पळूही शकतात," आत्या म्हणाली. "थे मी नाही सांगू शकत. लायकी किती, इतकंच सांगू शकते."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. ते खिडकीशी बसले होते. प्रश्न त्यांच्या एकट्याच्या शेअरचा नव्हताच. मोर्णाच्या कामगारांची जुनी रीत होती: धर्मपाल जे म्हणेल ते. कामगारांनी कंपनीच्या गेटवर धरणं धरलं, तेव्हापासून. उद्या रविवारी विहारात वंदना झाली की सगळे जुने सोबती जमणार होते, आणि धर्मपाल जो भाव लिहील तोच सगळे लिहिणार होते. आकडा चुकला, तर चुकणार सगळ्यांच्या घरात. आणि आजोबांना रोज सकाळी त्यांच्याच बरोबर फिरायला जायचं होतं.

"मले समजलं नाही, नीलम," ते शेवटी म्हणाले. "थो पैसा तवा आला, तवा गेला. त्याले आता वाढवून काहून लिहावं? मले न समजता मी लोकाइले सांगू शकत नाही."

"मी समजावते ना."

"उद्या समजाव. सगळ्याइच्या समोर. मले समजलं तं लिहीन. नाही तं तीनशे वीस."

आजीनं आतून ऐकलं होतं. "ब्याण्णवमध्ये इतका इचार केला असता," ती म्हणाली, "तं आज घरात मशीन असती."

रविवारी विहाराचा हॉल भरला. पांढरे सदरे, चकचकीत टक्कल, काठ्या, कानातली यंत्रं. जोशीकाका पहिल्या रांगेत. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसलेले. आत्या उभी. हातात खडू, कारण धम्म वर्गाचा फळा तिथंच होता.

तिनं दहा वर्षांचे आकडे लिहिले. गाठीचा पैसा सांगितला, पार्बताबाईंची जीप सांगितली. हॉल हसला. उण्याचं वर्ष का सोडायचं नाही ते सांगितलं. माना हलल्या. मग तिनं खडूनं पहिले बावीस खोडून चौतीस लिहिले, आणि हलणाऱ्या माना थांबल्या.

"अवो बाई, थांबा." ढोलेकाका उठले. पाईप काढणाऱ्या एक्स्ट्रुडर मशीनवर आयुष्य काढलेला माणूस, बोलणं तसंच, दाबून बाहेर काढल्यासारखं. "कंपनीले बावीस रुपये उरले होते. तुमी चौतीस कसे केले? आमच्या खिशातून टाकले का?"

हशा. या वेळचा हशा आत्याच्या बाजूचा नव्हता.

"काका, तवाच्या बावीसमध्ये जे सामान येत होतं, त्याले आज चौतीस लागतात."

"लागू द्या ना. बावीस थे बावीस. कागदावर छापले आहेत."

"पण कंपनीची ताकद..."

"ताकद-बिकद राहू द्या. पोरी हुशार आहे, मानतो. पन पैसा वाढवायचा अन् मंग त्याच्यावर भाव मांगायचा, हे मले दोन नंबरचं वाटून राहिलं."

मागून कोणीतरी म्हणालं, "तीनशे वीस बरे आहेत, धर्मपाल. घे अन् मोकळा हो." आणखी दोघांनी हो म्हटलं. आत्या फळ्यापाशी उभी. खडूची पूड बोटांना. मी शेवटच्या रांगेतून बघत होते, आणि मला वाटलं, आता ती महागाई निर्देशांकाचं कोष्टक काढणार आणि सगळं हातातून जाणार.

तिनं कोष्टक काढलं नाही. खडू खाली ठेवला आणि आजोबांकडे वळली.

"बाबा, तुमी गेटवर धरन्याले बसले होते. कायच्यासाठी?"

आजोबा चमकले. "हे काहून विचारून राहिली?"

"सांगा ना. मले माहीत नाही असं समजून सांगा."

"महागाई भत्त्यासाठी."

"पगार तं देत होते ना मालक?"

"देत होते. पन पगार तोच अन् तेल, दाळ, सगळं वाढलेलं." आजोबांचा आवाज हळूहळू जुन्या जागी येत होता. "मालक म्हणे, पाच वर्षांपूर्वी साडेचारशे होते, आज साडेचारशे आहेत, कमी कुठं केले? मी म्हटलं, साहेब, कागदावर कमी नाही केले. बाजारात कमी झाले."

"अन् तुमी काय मांगितलं? जास्त पगार?"

"जास्त नाही. होता तेवढाच. आजच्या भावात."

हे बोलून आजोबा थांबले. त्यांची नजर फळ्यावर गेली. खोडलेल्या बावीसवर, शेजारच्या चौतीसवर.

"इथं बसलेला एकही माणूस असा नाही," आत्या म्हणाली, "ज्याच्या घरी भत्त्याची टक्केवारी जाहीर झाल्यावर चर्चा होत नाही. तुमचे पोरं सरकारी नोकरीत आहेत, जावई आहेत. दोन टक्के कमी भेटले तं जेवन नाही जात. मी बी त्याच्यातलीच. ज्या निर्देशांकावर सरकार माझा भत्ता ठरवते, त्याच निर्देशांकानं मी हे बावीस रुपये आजच्या भावात आनले. आपल्या पगाराले भत्ता पाह्यजे. मंग आपल्याच कंपनीनं कमावलेल्या जुन्या रुपयानं काय पाप केलं?"

ढोलेकाका अजून उभेच होते. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग आजोबांकडे. "म्हणजे पत्रकातला हिशेब..."

"बिनाभत्त्याचा आहे," आजोबा म्हणाले.

ढोलेकाका सावकाश खाली बसले. बसता बसता म्हणाले, "अन् आपण सही करून राहिलो होतो. धर्मपाल, आपल्यालेच समजलं नाही राजा. दुसऱ्या कोनाले नसतं समजलं तं चाललं असतं."

आता हसू सगळीकडून आलं. जोशीकाका उठले. मला वाटलं, पाचशेचा मुद्दा पुन्हा येणार. ते म्हणाले, "मी पाचशे म्हणत होतो. माझ्या कंपनीला मी कमी का म्हणावं? पण एका चांगल्या वर्षावर सगळ्यांना उभं करणं बरोबर नाही. नीलमचा आकडा मी चांगल्या वर्षाकडूनही तपासला आणि वाईट वर्षाकडूनही. तो हलत नाही. मी तीनशे नव्वद लिहितो."

"एक गोष्ट अजून," आत्या म्हणाली. "ही दहा वर्षांची सरासरी आहे. पुढचं कोनी पाह्यलं नाही. मालक मागेही फिरू शकतात. मंग शेअर आपल्यापाशीच राहतील अन् भाव पडलेला दिसेल. थे ज्याले झेपत नसेल त्यानं तीनशे वीस लिहावं. कोनी नावं ठेवणार नाही."

आजोबा खुर्चीतून उठले. गेटवरही असेच उठत असतील, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून. "मले समजलं," ते म्हणाले. "मी तीनशे नव्वद लिहून राहिलो. ज्याचं त्यानं ठरवा."

सगळ्यांनी तेच लिहिलं. माझ्या बाबांनी बाहेर येऊन ठेकेदाराला फोन केला आणि सांगितलं, जरा थांबा.

थांबणं सोपं नव्हतं. मालकांकडून काही उत्तर येईना. बाजारातला भाव खाली आला, खरोखरच दोनशे साठवर. बाबा जेवताना मोबाईल ताटाशेजारी ठेवायचे आणि भाव मोठ्यानं वाचायचे, आजोबांना ऐकू जाईल असा. आजोबा भाकरी मोडायचे. सकाळी मात्र ते रोज फिरायला जात राहिले, एकही दिवस न चुकवता. कोणी काही म्हणतं का, असं आजीनं विचारलं, तर म्हणाले, "ढोले म्हणतो, गेटवर बसलो होतो तवाही मालकानं उशीरच लावला होता."

आत्या फोनवर एवढंच विचारायची, "बाबा जेवले?"

मग एका बुधवारी उत्तर आलं. मालकांनी तीनशे अठ्ठ्याहत्तर सांगितले. एवढ्याला देत असाल तर सगळे घेतो.

बाबांनी आत्याला ऑफिसात फोन लावला, स्पीकरवर. मागून जिल्हा परिषदेतला गलका ऐकू येत होता.

"घ्या," आत्या म्हणाली.

"पण तुझे तं तीनशे नव्वद होते." हे बाबा म्हणत होते. तोच माणूस, जो तीनशे वीसला स्लॅब टाकायला निघाला होता.

"अश्विन, सरासरी आहे थे. बारा रुपये मोठ्या मनानं सोड. तीनशे वीसच्या वर जे भेटले, त्याच्यात तुझा जिना निघाला. सोबत्याइलेही विचार अन् घ्या."

सोबत्यांनी घेतले. आजोबांनी दोन हजारांतले दहा शेअर मात्र दिले नाहीत. "कंपनी बाजारात नाही राहिली तरी मी तं राहतो ना कंपनीत," ते म्हणाले. कोणी समजावायला गेलं नाही. आत्यानं तर विचारलंसुद्धा नाही, त्या दहा शेअरची किंमत किती ते.

त्या आठवड्यात मी आजोबांना आणायला बागेपर्यंत गेले होते. चहाच्या टपरीवर ढोलेकाका कुणा अनोळखी माणसाला सांगत होते, "या धर्मपालनं कंपनीकडून एकदा महागाई भत्ता घेतला होता. आता त्याच्या पोरीनं घेतला. तोही जुन्या तारखेपासून." आजोबा कपात बघत होते. पण त्यांची मान मी पाहिली. इतकी ताठ मी ती कधी पाहिली नव्हती, विहारातल्या त्या खुर्चीवरही नाही.

वरच्या मजल्याचं काम सुरू झालं तेव्हा आत्या आली. वाळूच्या ढिगाला वळसा घालून आत शिरते तोच आजी समोर उभी. नवं लुगडं नेसून, हातात पर्स.

"चाल," आजी म्हणाली.

"कुठं?"

"दुकानात. ब्याण्णवमध्ये शिलाई मशीन पंधराशेची होती. तुझ्या बापानं त्याच्या बदल्यात कागद आनला." आजीनं चष्मा आत्याच्या कपाळावरून स्वतःच्या हातानं खाली ओढला आणि तिच्या नाकावर बसवला. "सांग. आज किती झाले?"

आत्यानं वर पाहिलं. वर मांडवाची झालर नव्हती, नव्या स्लॅबच्या आधाराच्या बल्ल्या होत्या. "बारा हजाराच्या वर जातात, आई."

"मोटरवाली येते का तेवढ्यात?"

"चांगली येते."

"मंग चाल. पायानं चालवायची मी तवा घेनार होती. आता मोटरवालीच घेतो." आजी ठेकेदारापाशी उभ्या असलेल्या बाबांकडे वळली. "अश्विन, पैसे काढ. तुझ्या जिन्याच्या दोन पायऱ्या कमी कर वाटलं तं. मले माझा बोनस पाह्यजे. भत्त्यासकट."